शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

वैजापूर-गंगापूर पट्ट्यातल्या एका बाजारगावात, एसटी स्टँडच्या मागच्या बोळात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दुकानाबाहेर जळक्या मोटारी ओळीनं ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव लिहिलेलं असतं. मिस्त्री मोटार उघडतात, आतल्या वेटोळ्यांवर बॅटरी मारतात आणि मोटार कशानं गेली ते सांगतात. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर आणि तिसरी तांब्याच्या मूळ रंगाची असेल, तर एक फेज उडाला होता आणि मोटार उरलेल्या दोघांवर ओढत राहिली होती. तिन्ही सारखीच करपलेली असतील, तर पंप जाम तरी झाला असणार, नाहीतर व्होल्टेज कमी होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रब्बीचं पाणी सुरू झालं की या दुसऱ्या प्रकारच्या मोटारी वाढतात. दिवाळीचे चार दिवस दुकान बंद ठेवावं म्हटलं तरी गिऱ्हाईक घरी येऊन बसतं.

या अंकासाठी संपादकांनी ‘उजेड’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पणत्या असाव्यात. मी जळक्या तारांपाशी पोचलो त्याला कारण आहे. गावात वीज आली का, या प्रश्नाचं उत्तर आता महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ‘आली’ असं आहे. ती किती व्होल्टची आली, हे मात्र कुणी विचारत नाही. मधल्या काळात तो प्रश्न डोळ्यांना दिसेनासाही झाला आहे.

पिवळा बल्ब गेला

पूर्वी प्रत्येक घरात व्होल्टमीटर होता. साठ वॅटचा पिवळा बल्ब हाच तो मीटर. संध्याकाळी गिरणी सुरू झाली की तो तांबूस व्हायचा आणि घरातलं कुणीतरी “लाइट डिम झाली” म्हणायचं. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घटतो. २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले, म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शानं उतरलं, तर उजेड निम्म्याहूनही खाली येतो. त्यामुळे पोरांनाही कळायचं की आज काहीतरी बिनसलंय.

आता घरोघरी एलईडी आहेत. त्यांच्या आतलं छोटं सर्किट दीडशे व्होल्टवरही बहुधा तितकाच पांढरा उजेड देतं. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यामुळे कमी व्होल्टेजची तक्रार उजेडातून निघून यंत्रांमध्ये गेली. किराणा दुकानाचा फ्रिज घरघरतो आणि थंड होत नाही. पंखा फिरतो, वारा लागत नाही. दूध संकलन केंद्रावरचा कूलर दूध थंड करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रिजसोबत स्टॅबिलायझर येतो, कारण तो फ्रिज बनवणाऱ्यानं खेड्यातली वीज गृहीत धरलेली असते. आणि शेतावरची मोटार गुरगुरते, पण पाणी चढवत नाही.

नियम स्पष्ट आहे. लघुदाबाच्या ग्राहकाला, म्हणजे घराला आणि शेतीपंपाला, ठरलेल्या व्होल्टेजच्या सहा टक्के वर किंवा खाली इतकीच सूट आहे. सिंगल फेजला २३० धरले तर २१६ ते २४४. थ्री फेजला ४०० धरले तर खालची हद्द ३७६. अकरा केव्हीच्या लाइनला खाली नऊ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. हे आकडे डोक्यात ठेवून एका शेतातल्या स्टार्टरच्या पेटीवरचा काटा पाहिला. सकाळी दहाची वेळ, फीडरवरच्या सगळ्या मोटारी चालू. काटा तीनशेच्या जरा खाली थरथरत होता. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. “आज बरंय,” एवढंच तो म्हणाला.

विझल, रॅबिट आणि डॉग

चारशेचे तीनशे होतात कुठे? ही गळती एका जागी होत नाही, वाटेत थोडी थोडी होत येते. म्हणून सगळी वाट तपासलेली बरी.

तालुक्याच्या मोठ्या उपकेंद्रातून ३३ केव्हीची लाइन लहान उपकेंद्राकडे येते. लाइन लांब असेल आणि हंगामाचा भार असेल, तर ३३ ऐवजी ३० केव्ही पोचतं. तिथला ट्रान्सफॉर्मर ते उतरवून अकराच्या जागी दहा केव्ही देतो. तिथून अकरा केव्हीचा फीडर पंधरा-वीस किलोमीटर शेताशेतातून फिरतो आणि टोकाला साडेनऊ उरतं. त्या टोकाला दोन खांबांवर चढवलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी. डीपीतून रिकाम्या स्थितीत ४३३ व्होल्ट निघावेत अशी तिची रचना असते, कारण पुढे तारेत काही जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. पण वरून साडेनऊच आलं तर डीपीतून ३७४ निघतात. डीपीवर भार पडला की तिच्या आतच तीन-चार टक्के जातात. राहिले ३६०. अजून शेतापर्यंतची तार बाकी आहे.

ही शेवटची तार सगळ्यात महाग पडते. ॲल्युमिनियमच्या या तारांना इंग्रजांच्या काळापासून प्राण्यांची नावं आहेत आणि वायरमन मंडळी ती घरच्यासारखी वापरतात. सर्वांत बारीक स्क्विरल, मग विझल, मग रॅबिट, मग डॉग. विझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम, रॅबिटचा साधारण ०.५४, डॉगचा त्याच्याही निम्मा. पाच एचपीची मोटार आठेक अँपिअर घेते. अशा दहा मोटारी किलोमीटरभर विझलवर सारख्या अंतरानं लावल्या, तर शेवटच्या खांबाशी ६५ व्होल्टच्या आसपास तूट येते. त्या दहाही मोटारी टोकालाच असतील तर तूट १३० वर जाते. वरच्या ३६० मधून ६५ वजा केले की २९५ उरतात. स्टार्टरवरचा काटा तेच दाखवत होता.

आणि हा हिशेब सरळमार्गी डीपीचा आहे. ६३ केव्हीएची डीपी साधारण ८५ अँपिअर देऊ शकते, म्हणजे पाच एचपीच्या दहा मोटारी. प्रत्यक्षात अनेक डीप्यांवर मंजूर जोडण्यांच्या जोडीला आकडे टाकलेल्या मोटारी असतात आणि तीन एचपी मंजूर असलेल्यांच्या बोअरमध्ये साडेसातची मोटार उतरलेली असते. दहाच्या वीस झाल्या की तारेतली तूट दुप्पट होते. तारेत वाया जाणारी वीज चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गानं वाढते.

मोटारीच्या बाजूनं पाहिलं तर दुखणं आणखी वाढतं. मोटारीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो. प्लेटवर ४१५ लिहिलेल्या मोटारीला २९५ दिले की जोर निम्म्यावर येतो. पंप मात्र तेवढंच काम मागत राहतो. मग मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंश जादा तापमानाला निम्मं होतं, हा विजेच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मिस्त्रींच्या दुकानातली तिन्ही फेजची करपलेली वेटोळी हा त्या ठोकताळ्याचा पुरावा. शिवाय पाणी कमी चढतं म्हणून शेतकरी मोटार जास्त वेळ चालवतो. त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या मोटारींची संख्या वाढते आणि व्होल्टेज आणखी खाली जातं.

वीज येते तेव्हा

लहान उपकेंद्रावर यंत्रचालकाच्या खोलीत एका भिंतीला ब्रेकरची कपाटं आणि टेबलावर लॉगशीटची वही असते. शेतीच्या बऱ्याच फीडरना थ्री फेज वीज अजून चक्राकार पद्धतीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, पाळीला साधारण आठ तास. यंत्रचालक ठरल्या वेळेला ब्रेकर चालू करतो, तो क्षण बघण्यासारखा असतो. अँपिअरचा काटा एकदम वर उसळतो, व्होल्टचा काटा खाली बसतो. कधी कधी ब्रेकर लगेच ट्रिप होतो आणि पुन्हा चालू करावा लागतो.

कारण शेतात ऑटोस्विच असतात. रात्री अडीचला वीज येणार असेल तर बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. सोय खरी आहे आणि भीतीही खरी आहे. पण मोटार सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. फीडरवरच्या शेकडो मोटारी एकाच सेकंदाला सुरू झाल्या, तर त्या सगळ्या मिळून व्होल्टेज इतकं पाडतात की कुणालाच नीट वेग घेता येत नाही. सगळ्या कण्हत राहतात. डीपीचे फ्यूज उडतात, एखादी डीपी जळते. महावितरण दर हंगामात आवाहन करतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. ते वर्तमानपत्रात छापून येतं आणि तिथंच राहतं.

उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात. टॅप बदलला की बाहेर जाणारं व्होल्टेज थोडं वर किंवा खाली करता येतं. मग टॅप वर का चढवत नाहीत? चढवतात. पण शेतीची पाळी संपली की भार एकदम उतरतो, तार रिकामी होते आणि वर चढवलेला टॅप तसाच राहिला तर त्याच उपकेंद्रावरच्या गावठाणात २५०-२६० व्होल्ट घुसतात. दिवसा मोटारी जळतात आणि रात्री टीव्ही. भार असताना आपोआप टॅप बदलणारी यंत्रणा असेल तर हे टळतं, पण ती नीट चालू ठेवावी लागते आणि तिच्या हातात उपकेंद्रापुरतंच व्होल्टेज असतं. पंधरा किलोमीटर दूरच्या खांबाचं तिला काही कळत नाही.

सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांकडे किंवा भामरागडच्या जंगलाकडे गेलं की प्रश्नाचं रूप बदलतं. तिथे मोटारी थोड्या, भार किरकोळ, पण तार लांबच लांब आणि झाडीतून जाणारी. पावसाळ्यात फांदी टेकली, चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला की वीज जाते आणि वायरमनला दोष शोधत डोंगर तुडवावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा विरळ वस्त्यांसाठी एकाच तारेची लाइन टाकतात आणि परतीचा प्रवाह जमिनीतून नेतात. तिथे अशा लाइनी दोन लाख किलोमीटरच्या घरात आहेत. लाइनीवर मध्येच रेग्युलेटर बसवतात. तो बत्तीस पायऱ्यांनी व्होल्टेज दहा टक्के वर-खाली करतो. आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण आपला भार म्हणजे मुख्यतः थ्री फेज पंप. पण लाइनीच्या मध्यावर, जिथे व्होल्टेज घसरायला लागतं तिथेच ते उचलून धरायचं, ही कल्पना आपल्याही लांब फीडरांना लागू पडते.

ज्याचा त्याचा उपाय

कमी व्होल्टेजवर गावानं उपाय केले नाहीत असं नाही. उपाय भरपूर आहेत, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शेजाऱ्याच्या मुळावर येतो.

मिस्त्री ‘लो व्होल्टेज’ वायंडिंग करून देतात. वेटोळ्याचे आटे कमी करायचे आणि तार जाड घ्यायची. मग तीच मोटार २८०-३०० व्होल्टवर छान उचलते. गिऱ्हाईक खूश. पण अशी मोटार चुंबकत्वासाठी जास्त प्रवाह घेते. व्होल्टेज वाढलं की तर फारच जास्त. तो प्रवाह त्याच तारेतून येतो आणि पुढच्या शेताचं व्होल्टेज आणखी पाडतो. पुढचा शेतकरी मग त्याच दुकानात येतो.

दुसरा उपाय मोठी मोटार घेण्याचा. तिसरा स्टार्टरचा. व्होल्टेज फार खाली गेलं की स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि मोटार बंद पडते. ती सुटणं म्हणजे मोटारीला मिळालेलं संरक्षण आहे. पण पाळीचे आठच तास असतात, म्हणून कॉइलला काडी लावून ती दाबून ठेवतात. चौथा उपाय डीपीवरचा. किटकॅटमधली बारीक फ्यूज तार सारखी उडते म्हणून तिच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचा पदर पिळून बसवायचा. फ्यूज उडायचा थांबतो आणि एके रात्री डीपीच उडते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, नवी डीपी येईपर्यंतचे दिवस आणि तोवर वाळणारं पीक.

घरांमध्येही हेच. गावठाणात तीन फेज येतात आणि घराला एकच मिळतो. ज्याला जमतं तो खांबावरून तिन्ही फेज घरात आणतो आणि चेंजओव्हर बसवतो. संध्याकाळी ज्या फेजवर व्होल्टेज चांगलं, त्यावर घर टाकायचं. अर्ध्या तासात गल्लीतले सगळे त्याच ‘चांगल्या’ फेजवर येतात आणि तो वाईट होतो. तीन फेजवरचा भार असा तिरपा झाला की न्यूट्रलमधून जास्त प्रवाह जातो. न्यूट्रल ढिला असेल किंवा तुटला तर एखाद्या घरात २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्ट शिरतात. गावाला एका रात्रीत पाच-सहा टीव्हींचा फटका बसतो तो असा. म्हणून जाणता वायरमन उन्हाळ्यात डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगतो, आणि न्यूट्रलचा जोड स्वतः हात लावून पाहतो.

या सगळ्यात एकच उपाय असा आहे की जो शेजाऱ्याचं भलं करतो. तो म्हणजे कपॅसिटर, आणि नेमका तोच कुणी करत नाही. मोटार जो प्रवाह घेते त्यातला काही भाग पाणी उपसत नाही, चुंबकत्व टिकवण्यासाठी नुसता ये-जा करतो. हा भाग कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर तारेतून ओढला जाणारा प्रवाह सहाव्या हिश्शानं घटतो. दहा मोटारींना लावले तर दीड-दोन मोटारींचा भार लाइनीवरून उतरल्यासारखा होतो. एका रिवायंडिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ.

तरी तो दिसत नाही, कारण एकट्यानं लावून उपयोग जाणवत नाही. माझ्या कपॅसिटरमुळे वाढलेले व्होल्ट साऱ्या लाइनीत वाटले जातात, माझ्या वाट्याला येतो एखाद-दुसरा. शेतीपंपाचं बिल वर्षानुवर्षं अनेकांना एचपीवर येत होतं, त्यामुळे बचत करून बिल कमी होईल हाही मोह नव्हता. २०२४ पासून तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना सवलत योजनेत वीज मोफत आहे. वीज फुकट असली तरी मोटार फुकट नाही, हे दुकानाबाहेरच्या रांगेवरून कळतं. कपॅसिटरची स्वतःचीही एक मर्यादा आहे. त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शानं पडलं की तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमजोर होतो. तो आधीपासून सगळीकडे असेल तरच भरवशाचा. व्होल्टेज बसल्यावर एखाद्यानं एकट्यानं लावला तर तो ऐन वेळेला तोकडा पडतो.

एका डीपीची पाळी

सामाईक विहिरीवर पाळी असते. कुणाचा कोणता वार, किती तास, हे भावकीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडणं झाली तरी पाळी मोडत नाही. व्होल्टेजही तसंच सामाईक आहे. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची पाळी लागत नाही.

त्याच पट्ट्यात एका डीपीवर मात्र ती लागलेली पाहिली. चौदा-पंधरा मोटारी, डीपी ६३ ची. एका हंगामात ती वारंवार जळाली, तेव्हा सगळे डीपीखाली बसले आणि दोन गट केले. आठ तासांतले पहिले चार एका गटाचे, पुढचे चार दुसऱ्याचे. दर आठवड्याला अदलाबदल. ऑटोस्विच सगळ्यांनी काढले. आपल्या वेळेत व्होल्टेज चांगलं असल्यामुळे चार तासांत पूर्वीच्या आठ तासांएवढं नाही, तरी पाऊणपट पाणी येतं, असं त्यांचं म्हणणं. मोटारी जळणं थांबलं, हे ते जास्त ठासून सांगतात.

मात्र सगळ्यांनी सांगितलं की हे टिकवणं अवघड आहे. एकाचा ऊस, दुसऱ्याचा कांदा, तिसऱ्याची डाळिंबं. कांद्याला पाणी द्यायची वेळ टळली तर नुकसान मोठं. बाहेरचा कुणी आकडा टाकून गेला की गट मोडायला निमित्त मिळतं. आणि शेजारच्या डीपीनं हे केलं नाही तर वरच्या अकरा केव्हीवर पडणारी तूट तशीच राहते. गावाच्या शहाणपणाची हद्द डीपीपाशी संपते. पुढचं काम तारांचं आणि खांबांचं आहे, ते कंपनीनंच करायचं.

उंच दाब, छोटी डीपी

अभियंत्यांचं उत्तर अनेक वर्षांपासून तयार आहे. लघुदाबाची लांब तार तोडा आणि अकरा केव्हीच शेताच्या बांधापर्यंत न्या. ४३३ व्होल्टच्या जागी ११,००० व्होल्टवर तीच शक्ती नेली तर प्रवाह पंचविसाव्या हिश्शाएवढा होतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज सहाशे पटींहून अधिक घटते. बांधावर दहा, सोळा किंवा पंचवीस केव्हीएची छोटी डीपी, तिच्यावर एक-दोन-तीन शेतकरी. ही उच्चदाब वितरण प्रणाली. महाराष्ट्रात २०१८ पासून, पैसे भरून वर्षानुवर्षं जोडणीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना तिच्यातून मोठ्या प्रमाणावर जोडण्या दिल्या गेल्या.

जिथे ती नीट झाली आहे तिथे फरक लगेच कळतो. अकरा केव्हीवर आकडा टाकायची हिंमत कुणी करत नाही. डीपी ‘आमची’ होते, कारण जळाली तर नुकसान दोघा-तिघांचंच, आणि जळवली कुणी तेही दोघा-तिघांनाच माहीत. व्होल्टेज टिकतं. पण खर्च मोठा आहे, कारण एका मोठ्या डीपीच्या जागी पाच-सहा छोट्या येतात. प्रत्येकीचं लोखंडी गाभ्यातलं नुकसान, भार असो-नसो, वीज असेपर्यंत चालू राहतं. प्रत्येकीतलं तेल आणि तांबं चोराला खुणावतं. आणि ही प्रणाली मुख्यतः नव्या जोडण्यांसाठी आली. विझलच्या किलोमीटरभर तारेवर लटकलेले जुने ग्राहक बऱ्याच ठिकाणी तिथेच आहेत.

सूर्य उपकेंद्राशेजारी

गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल सौर वाहिनीचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत काही एकर जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रावर सोडायची आणि शेतीच्या फीडरला दिवसा पुरवठा करायचा. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प याच वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला, ३ मेगावॅटचा, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

याची चर्चा ‘दिवसा वीज’ म्हणून होते, आणि ज्यानं रात्री दोनला पाण्यात पाय घातला आहे त्याला त्याचं मोल सांगायला नको. ऑटोस्विच लावण्याचं मुख्य कारणच त्यामुळे जातं. पण या योजनेची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. वीज आता लांबून ३३ केव्हीच्या तारेतून ओढून आणावी लागत नाही, ती उपकेंद्राच्या दारातच तयार होते. म्हणून वाटेतली पहिली गळती, ३३ चे ३० होण्याची, दिवसा बरीच थांबते. सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरना व्होल्टेज सावरण्याचंही काम देता येतं, कारण ते चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह स्वतः पुरवू शकतात.

न बदलणारी गोष्ट म्हणजे उपकेंद्रापासून शेतापर्यंतची वाट. फीडर तोच, डीपी तीच, विझल तीच. सूर्यानं उपकेंद्रावर पूर्ण अकरा केव्ही दिलं तरी वीस मोटारींच्या डीपीखाली शेवटच्या खांबाची तूट १३० व्होल्टचीच राहते. शिवाय पूर्वी अर्धे फीडर दिवसा आणि अर्धे रात्री चालायचे. आता सगळे दिवसाच चालणार. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, आभाळ भरलेलं असतं, पाणी मात्र द्यावंच लागतं. अशा दिवशी ढगाखाली सौर प्रकल्प मंदावला की सारा भार पुन्हा त्याच जुन्या ३३ केव्हीच्या तारेवर येतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतल्या पंपाचं तसं नाही. तो लाइनीला जोडलेलाच नसतो, त्यामुळे एक मोटार लाइनीवरून कायमची कमी होते. टोकाच्या खांबावरच्या शेतकऱ्याला असा पंप आधी दिला, तर त्याचं काम होतंच आणि मागे राहिलेल्यांचं व्होल्टेजही वाढतं. कुणाला कुठली योजना, हे ठरवताना तारेचा नकाशा समोर ठेवला तर त्याच पैशात दुप्पट काम होईल.

लॉगशीटमधला रकाना

उपकेंद्रातली लॉगशीटची वही पुन्हा आठवते. तिच्यात तासातासाची नोंद असते. येणारं व्होल्टेज, जाणारं व्होल्टेज, प्रत्येक फीडरचे अँपिअर, ब्रेकर किती वाजता पडला, किती वाजता चढला. या नोंदींतून वर जातात ते खंडांचे आकडे. वीज किती वेळा गेली, किती मिनिटं गेली. वितरण कंपन्यांची विश्वासार्हता मोजायचे जगभरचे निर्देशांक त्यावरच बेतलेले आहेत. २९५ व्होल्टवर मोटार भाजत होती ते आठ तास त्यात ‘पुरवठा सुरळीत’ असे धरले जातात.

हे मोजणं अशक्य नाही, हे पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटानं केव्हाच दाखवून दिलं आहे. भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये बसणारं एक छोटं यंत्र, दर मिनिटाला व्होल्टेज टिपून मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवणारं. अशी यंत्रं त्यांनी अनेक राज्यांतल्या घरांमध्ये बसवली आणि नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्या. वीज असण्याचे तास वेगळे आणि वापरता येईल अशी वीज असण्याचे तास वेगळे, हा फरक त्यामुळे कागदावर आला. आता केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेतून फीडर आणि डीप्यांवर संदेशवहन करणारे मीटर बसत आहेत. ते व्होल्टेजही नोंदवू शकतात. म्हणजे हत्यार विकत घेऊन झालेलं आहे. ते वापरून काय मोजायचं, एवढंच ठरवायचं उरलं आहे.

डीपीवरच्या मीटरनं डीपीचं व्होल्टेज कळेल. पण दुखणं तिच्या पुढच्या किलोमीटरभर तारेत आहे, म्हणून एक मीटर लाइनीच्या शेवटच्या खांबावर हवा. सगळ्या डीप्यांवर एकदम नको. ज्या डीप्या हंगामात पुन्हा पुन्हा जळतात त्यांच्यापासून सुरुवात झाली तरी पुरे. त्या नोंदी हातात आल्या की पुढचं काम अभियंत्यांना शिकवावं लागत नाही. कुठे विझलच्या जागी डॉग ओढायची, कुठे नवी डीपी मध्यावर टाकायची, कुठल्या फीडरला रेग्युलेटर लागेल, कुठे नुसते कपॅसिटर आणि चार बैठका पुरतील, हे आकडेच सांगतात. डीपीखाली बसून पाळी लावणाऱ्यांनाही वाद मिटवायला एक काटा मिळतो.

वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या सुनावण्या होतात, तेव्हा शेतीला किती युनिट दिले यावर मोठी खडाजंगी होते. तिथे एक साधी मागणी करता येईल. ज्या तासात शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज ३७६ च्या खाली होतं, तो तास ‘पुरवठा झाला’ या रकान्यात धरायचा नाही. तो खंडाच्या रकान्यात टाकायचा आणि त्याचा जाब खंडासारखाच द्यायचा. एवढं झालं तर बारीक तार बदलण्याची निकड शेतकऱ्याइतकीच कंपनीलाही वाटू लागेल.